‘फान सिउ यन’: वाईट माणसं ‘लागतात’ तेव्हा

मागचे दोन महिने इथे काहीच लिहिलं नाही, कारण प्रबंधाचं तिसरं प्रकरण मानगुटीवर बसलं होतं. ते गेलं एकदाचं. आज त्याच प्रकरणातल्या एका शब्दाबद्दल लिहितेय. प्रकरणात तो चार पानांत उरकावा लागला, आणि ती रुखरुख राहिली आहे.

शब्द पहिल्यांदा कानावर पडला तो असा. माझी कँटोनीजची शिकवणी चालू होती. साठी ओलांडलेल्या बाई शिकवायच्या. त्या दिवशी मी वैतागलेली होते, कारण सोबतच्याच एका संशोधकाने माझ्याबद्दल वरिष्ठांकडे काहीबाही सांगून माझं एक काम अडवलं होतं. मोडक्यातोडक्या भाषेत मी ते बाईंना सांगितलं. मला वाटलं, विचारतील नक्की काय झालं, कोण होतं, तू काय उत्तर दिलंस. त्यांनी यातलं काही विचारलं नाही. माझं जन्मसाल विचारलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, हं, यंदा तुला ‘फान सिउ यन’ आहे.

जशी आपल्याकडे एखादीला साडेसाती असते, तशी.

‘सिउ यन’ म्हणजे शब्दशः लहान माणूस. सिउ म्हणजे लहान, यन म्हणजे माणूस. (मँडरिनमध्ये हीच अक्षरं श्याओरन अशी वाचतात. मी इथे कँटोनीज उच्चार देतेय, देवनागरीत बसतील तितपत.) पण रोजच्या बोलण्यात सिउ यन म्हणजे पाठीमागे कागाळ्या करणारा, कुणाचं चांगलं चाललेलं न बघवणारा, तोंडावर गोड बोलून खाली सुरुंग लावणारा माणूस. ‘फान’ हे क्रियापद मात्र विचित्र आहे. कायदा मोडणं म्हणजे फान, गुन्हा करणं म्हणजे फान, फुटबॉलमध्ये फाउल करणं हेही फानच. म्हणजे फान करणारा सहसा दोषी असतो. आणि ‘फान सिउ यन’ या प्रयोगात फान करणारा कोण? ज्याला त्रास होतोय तो! मी सिउ यनला ‘फान’ केलं, म्हणजे मी त्याच्या वाटेत गेले, त्याला आडवी आले. दरवर्षी चिनी नवीन वर्षाच्या सुमारास कोणत्या राशीला यंदा ‘फान थाय सुइ’ आहे, म्हणजे त्या वर्षाच्या अधिपती देवतेशी कुणाची टक्कर आहे, हे सांगणारी भाकितं हाँगकाँगमध्ये निघतात. तिथेही हेच क्रियापद. थोडक्यात, व्याकरणाने सिउ यनला ग्रहांच्या रांगेत नेऊन बसवलं आहे. त्याच्या कपटाचं कारण शोधायचं नाही, कारण शनीला कुणी कारण विचारत नाही.

प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात मी सिउ यनचं भाषांतर बेधडक ‘दुर्जन’ असं केलं होतं. सुभाषितांची सवय, दुसरं काय. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं: ‘दुर्जन कधीपासून?’ त्या दोन शब्दांनी माझे सहा महिने खाल्ले.

कारण मुळात सिउ यन दुर्जन नव्हताच. चौ राजवटीच्या सुरुवातीच्या दस्तऐवजांत सिउ यन म्हणजे साधी रयत, शेतात राबणारी माणसं. त्याच्या उलट ‘ग्वन जी’ (मँडरिनमध्ये जुन्झी), म्हणजे शब्दशः सरदाराचा मुलगा. एक उच्चकुलीन, दुसरा कुळवाडी. यात चांगलं-वाईट काही नव्हतं, फक्त वरचा आणि खालचा. मग इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकात कन्फ्यूशियसने (इ.स.पू. ५५१–४७९) या जोडीला वेगळंच वळण दिलं. ग्वन जी जन्माने होत नाही, वागण्याने होतो, असं तो शिकवत राहिला. योग्य काय हे ज्याला आधी दिसतं तो ग्वन जी, फायदा कशात हे ज्याला आधी दिसतं तो सिउ यन.

हे आपल्याला नवं वाटू नये. ‘थोर’ आणि ‘हलका’ हे मराठी शब्द बघा. हलक्या जातीचा, हलक्या कानाचा, हलक्या मनाचा आणि शेवटी हलकट. क्षुद्र या शब्दातही आधी आकार आहे, मग शिवी. समाजात जो खाली, तो स्वभावानेही खालचा, ही उडी भाषा फार सहज मारते. कन्फ्यूशियसची बाजू घ्यायची तर त्याने उलटी वाटही मोकळी ठेवली होती: खालच्या घरातला माणूसही ग्वन जी होऊ शकतो. आणि त्याच्याकडे ही जोडी मुख्यतः आरशासारखी वापरायची होती, असं माझं वाचन आहे. रोज स्वतःला विचारायचं, आज मी यांतला कोण होतो? (एका ठिकाणी मात्र बायका आणि सिउ यन यांना एकाच दावणीला बांधून, दोघंही सांभाळायला अवघड, असं तो म्हणून गेला आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

आरसा फार काळ आरसा राहिला नाही. दरबारात त्याचा दगड झाला.

सोंग राजवटीतलं उदाहरण सांगते, कारण तिथे तो अक्षरशः दगड झाला. १०४३ साली फान चोंगयान या मंत्र्याने प्रशासनात सुधारणा सुरू केल्या. (या आडनावातल्या फानचा आपल्या फानशी संबंध नाही.) विरोधकांनी बादशहाचे कान भरले की हे लोक गट बांधताहेत. दरबारात गट बांधणं म्हणजे जवळजवळ राजद्रोहच. तेव्हा सुधारकांच्या बाजूच्या ओउयांग श्यूने १०४४ मध्ये एक निबंध लिहून धाडसी युक्तिवाद केला: गट असतातच, पण खरा गट फक्त ग्वन जींचा असू शकतो. सिउ यन फायद्यासाठी एकत्र येतात आणि फायदा संपला की एकमेकांचे गळे धरतात, त्याला गट म्हणत नाहीत. निबंध आजही वाचावा असा आहे. उपयोग मात्र शून्य झाला. १०४५ मध्ये सुधारकांना राजधानीबाहेर पाठवण्यात आलं.

पण त्या निबंधाने एक घातक गोष्ट करून ठेवली, असं मला वाटतं. राजकीय मतभेदाला त्याने स्वभावाच्या भाषेत टाकलं. आम्ही ग्वन जी, तुम्ही सिउ यन. पुढच्या पिढीत वांग आन्शरच्या सुधारणा आल्या (१०६९ पासून), सीमा ग्वांगने त्यांना कडाडून विरोध केला, आणि दोन्ही बाजू हीच भाषा बोलू लागल्या. कधी हा पक्ष सत्तेवर, कधी तो. प्रत्येक वेळी पडलेल्या पक्षाची माणसं हद्दपार.

याचा कळस झाला हुइझोंग बादशहाच्या काळात. त्याचा मंत्री त्साय जिंग याने ११०२ पासून विरोधी पक्षाच्या माणसांच्या याद्या करायला घेतल्या. अखेरच्या यादीत ३०९ नावं होती. सीमा ग्वांगचं नाव होतं, कवी सू शरचं होतं. दोघंही तोवर वारलेले होते, त्याने काही अडलं नाही. ही नावं शिळांवर कोरून राज्यभर उभी करायचा हुकूम निघाला. शिळेवर शब्द होता ‘दुष्टांची टोळी’ अशा अर्थाचा. तो सिउ यन हा शब्द नव्हे, पण त्याच कुळातला.

आणि इथे येतो माझ्या अख्ख्या प्रबंधातला मला सगळ्यात आवडणारा माणूस. सोंग राजवटीच्या इतिहासात त्याला काही ओळींपुरतीच जागा आहे. त्याचं नाव आन मिन. चांगआनमधला पाथरवट. शिळा कोरायचं काम त्याच्यावर आलं. तो म्हणाला, मी अडाणी माणूस, ही शिळा कशासाठी हे मला कळत नाही. पण सीमा ग्वांगसाहेब सरळ माणूस म्हणून साऱ्या मुलखाला ठाऊक आहेत, आणि त्यांनाच इथे दुष्ट म्हटलंय. माझ्या हाताने हे कोरवत नाही. अधिकारी भडकला, शिक्षेची धमकी दिली. आन मिन रडला. म्हणाला, काम तर टाळता येणार नाही मला. फक्त एवढं करा, खाली कोरणाऱ्याचं नाव घालतात ते माझं घालू नका. पुढचे लोक मला दोष देतील.

जुन्या अर्थाने बघितलं तर आन मिन हा अस्सल सिउ यन. हातावर पोट असलेला, निरक्षर असेल कदाचित, दरबारी राजकारणाचं ज्याला काही कळू नये असा. आणि त्या सगळ्या प्रसंगात ग्वन जीसारखं वागणारा तो एकटाच. ज्यांनी हा इतिहास लिहिला त्या विद्वानांनाही हे दिसलं असणार, नाहीतर एका पाथरवटाचं नाव टिपून ठेवायचं कारण काय? गंमत अशी, की नाव नको म्हणणाऱ्याचंच नाव नऊशे वर्षं टिकलं.

शिळांचं पुढे काय झालं तेही सांगते. ११०६ मध्ये धूमकेतू दिसला. बादशहा घाबरला आणि शिळा फोडायचा हुकूम सुटला. मग काही दशकांत वारं फिरलं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची नावं ‘दुष्टां’च्या यादीत होती त्यांना ती यादी मानपत्रासारखी वाटू लागली. ११९८ मध्ये ग्वेलिन इथे एका कड्यावर ती मुद्दाम पुन्हा कोरली गेली, आणि ती आजही तिथे आहे. दुष्ट ठरवलेल्यांचे वंशज म्हणत होते, बघा, आमचे पूर्वज यात होते! त्साय जिंगच्या वाट्याला मात्र इतिहासात कायमचं खलनायकाचं सोंग आलं.

आता तुम्ही म्हणाल, दरबारातल्या या भांडणांचा शिकवणीच्या बाईंशी काय संबंध? मधला पूल नाटकांचा आणि गोष्टींचा आहे. ओउयांग श्यूचा निबंध न वाचलेल्या लाखो लोकांनी कपटी मंत्री रंगमंचावर पाहिला, पांढऱ्याफटक रंगवलेल्या चेहऱ्याचा, आणि कथेकऱ्यांकडून ऐकला. यातली सगळ्यात लाडकी गोष्ट सेनापती यूए फेइची. ११४२ च्या सुरुवातीला त्याला खोट्या आरोपावरून मारलं गेलं आणि दोष गेला चिन ह्वेइ या मंत्र्याकडे. हांगझोऊमध्ये यूए फेइच्या थडग्यासमोर चिन ह्वेइ आणि त्याची बायको गुडघे टेकून बसलेल्या पुतळ्यांच्या रूपात आहेत. मिंग काळापासून असे पुतळे तिथे बसवले गेले, आणि लोकांनी इतकं मारलं, इतकं थुंकलं, की ते पुन्हा पुन्हा ओतावे लागले. कँटोनीज लोक सकाळी पेजेबरोबर तळलेल्या पिठाची लांब कांडी खातात, तिचं नाव ‘याउ जा ग्वै’, म्हणजे तेलात तळलेलं भूत. लोक सांगतात की हे भूत म्हणजे चिन ह्वेइच. भाषाशास्त्रज्ञ या व्युत्पत्तीवर विश्वास ठेवतीलच असं नाही, पण गोष्ट सांगणाऱ्यांना त्याची फिकीर नसते.

म्हणजे सिउ यन आता कागदावरच्या यादीतून बाहेर पडून अंगाखांद्याचा झाला होता. त्याला मारता येऊ लागलं.

हाँगकाँगमध्ये आजही मारतात. कॉजवे बे आणि वान चाय यांच्या सीमेवर एका उड्डाणपुलाखाली. जागेचं लोकांमधलं नाव ‘ङो गेंग किउ’, हंसाच्या मानेचा पूल. १८५४ ते १८५९ गव्हर्नर असलेल्या जॉन बोअरिंगच्या नावाचा कालवा इथे होता, हंसाच्या मानेसारखा वळलेला. कालवा बुजला, १९७० च्या दशकात वर उड्डाणपूल आला, नाव राहिलं. खाली प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बायका बसतात, बहुतेक म्हाताऱ्या. शेजारी देवांच्या मूर्ती: ग्वानयिन, ग्वानदी, कुणाकडे माकडदेव. समोर एक वीट आणि हातात जुनी चप्पल. ‘दा सिउ यन’, म्हणजे सिउ यनला बडवणं, हा त्यांचा धंदा.

गिऱ्हाईक येतं, उदबत्ती लागते, नाव-जन्मतारीख सांगितली जाते. सिउ यनचं नाव माहीत असलं तर ते द्यायचं, नसलं तरी चालतं. माणसाची आकृती छापलेला पातळ कागद विटेवर ठेवून बाई चपलेने बडवायला लागते आणि तोंडाने चालींत शिव्याशाप. डोक्यापासून सुरुवात, मग तोंड, हात, पाय. प्रत्येक अवयवाला यमक जुळवून वेगळी शिक्षा. कागदाचा लगदा होईपर्यंत. मग पिवळ्या कागदाचा वाघ घेतात. त्याला ‘पांढरा वाघ’ म्हणतात आणि तो भांडण-तंट्याचा मालक. त्याच्या तोंडाला डुकराची चरबी फासतात. तोंड बुळबुळीत झालं की चावता येत नाही! शेवटी कागद जाळायचे आणि अर्धचंद्रासारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकून काम झालं का ते देवाला विचारायचं.

सगळ्यात मोठी गर्दी मार्चच्या ५-६ तारखेला, ‘गिंग जत’ या दिवशी. चिनी पंचांगातल्या २४ सौरपर्वांपैकी हे एक. पहिल्या गडगडाटाने जमिनीत दडलेले किडे दचकून बाहेर येतात तो दिवस. (मूळ नाव ‘दचकणं’ नव्हे, ‘उघडणं’ असं होतं. पण हान घराण्यातल्या जिंग बादशहाच्या नावात ते अक्षर होतं, आणि बादशहाचं नाव उच्चारायचं नाही, म्हणून किड्यांना दचकावं लागलं.) किड्यांबरोबर सिउ यनही बिळातून बाहेर पडतात, म्हणून आजच ठेचा.

आता माझा मुद्दा. या विधीत सिउ यनच्या कागदाबरोबर दुसराही एक कागद असतो, तो मारायचा नसतो. त्यावर असतो ‘ग्वै यन’, म्हणजे मोठ्या मोलाचा माणूस: वेळेला धावून येणारा, ओळख काढून देणारा, शब्द टाकणारा. कन्फ्यूशियसकडे सिउ यनच्या समोर ग्वन जी उभा होता. पुलाखाली त्याच्या समोर ग्वै यन उभा आहे. ही अदलाबदल मला त्या सगळ्या चप्पलमारीपेक्षा महत्त्वाची वाटते. ग्वन जी आपण स्वतः व्हायचं असतं. ग्वै यन होता येत नाही, तो भेटावा लागतो. प्रश्नच बदलला: मी कसा आहे, हा नाही, तर माझ्या वाटेत कोण येणार, हा. ज्याच्या हातात बदली, बढती, भाडेकरार, व्हिसा यांतलं काहीच नाही, त्याला हाच प्रश्न खरा वाटणार. स्वतःचं चारित्र्य घडवून नोकरी वाचत नाही, हे त्याने पाहिलेलं असतं.

आणि चप्पल कुणाच्या हातात आहे बघा. ज्यांना सिउ यनबरोबर एका दावणीला बांधलं होतं त्याच बायका, आणि तेही जुन्या अर्थाने सिउ यनच असलेल्या घरांतल्या.

यावर अभ्यासकांत एक वाद आहे, तो थोडक्यात. काही जण या विधीला सरळ प्राचीन जादूटोण्याशी जोडतात. इ.स.पू. ९१ मध्ये हान बादशहा वू याच्या दरबारात पुरलेल्या लाकडी बाहुल्यांचं प्रकरण झालं होतं. जियांग चोंग नावाच्या अधिकाऱ्याने युवराजावर करणीचा आळ घेतला, त्यातून राजधानीत रक्तपात झाला, युवराज आणि सम्राज्ञी दोघांचाही जीव गेला. पुढे तांग कायद्यातही प्रतिमा करून कुणाचं वाईट चिंतणं हा महापातकांतला गुन्हा होता. मला ही सरळ रेघ पटत नाही. करणी लपून करतात, हे भर रस्त्यात, बसथांब्याच्या आवाजात चालतं. करणीत एका नेमक्या माणसाचा जीव मागतात, इथे छापील कागद सगळ्यांना एकच. शिवाय हान प्रकरणात घातकी कोण होता? बाहुली पुरणारा नव्हे, बाहुली सापडली असं सांगणारा. म्हणजे खरा सिउ यन तोच.

‘अंधश्रद्धा’ म्हणून झटकून टाकणारेही होते. १९२९ मध्ये ग्वांगझोऊत रूढी सुधारण्यासाठी सरकारी समिती बसली आणि असल्या गोष्टींच्या मागे लागली. त्याच शहरात १९२८ पासून सुन यत्सेन विद्यापीठातले अभ्यासक लोकाचारांचं साप्ताहिक काढून नेमक्या याच गोष्टी टिपून ठेवत होते. एकाच शहरात एक जण पुसतोय, दुसरा उतरवून घेतोय. हाँगकाँगमध्ये च्याओ च्येन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये या विधीवर लेख लिहिला, आणि २०१४ मध्ये सरकारने जाहीर केलेल्या ४८० नोंदींच्या अमूर्त वारसा यादीत तो आला. पुन्हा यादीच, पण ही बरी.

गेल्या मार्चमध्ये मी रांगेत उभी राहिले, निरीक्षण म्हणून, वही घेऊन. नंबर लागल्यावर बाईने वहीकडे बघून विचारलं, नुसतं बघायचंय की मारायचंय? मी पन्नास डॉलर काढून दिले. नाव, जन्मतारीख सांगितली. मग ती म्हणाली, आणि सिउ यनचं नाव?

नाव जिभेवर होतं. आडनावासकट. तेवढ्यात, खरं सांगते, मला तो पाथरवट आठवला. मी म्हटलं, नाव नाही, असाच कुठलाही. तिने खांदे उडवले आणि चप्पल उचलली. लाकडी तुकड्यांनी पहिल्या दोन वेळा नकार दिला, तिसऱ्यांदा होकार आला. मागचा माणूस सूट-टायमध्ये होता, त्याच्या हातात तीन नावं लिहिलेली चिठ्ठी होती.

पुढच्या लेखात पंचांगांबद्दल लिहीन. जन्मसालावरून बोटांवर काय मोजतात, ते बाईंनी अखेर मला शिकवलं आहे.